नाव घ्या, मावशी

"गाडी कोण चालवत होतं?" इन्स्पेक्टर जगन्नाथरावांनी पुन्हा विचारलं. भवानीबाई टेबलाकडे बघत बसून राहिल्या.

वकील नरसिंहमूर्तींनी दोघा नवराबायकोंना बजावलं होतं, की ज्यानं गुन्हा आपल्याच अंगावर येईल असं उत्तर द्यायची सक्ती पोलीस करू शकत नाहीत. गप्प राहणं हा हक्क आहे. न बोलण्यात नऊ गुण, हे भवानीबाईंना लहानपणापासून शिकवलेलं होतं. ते कायद्यातही आहे, एवढीच नवी माहिती.

दुपारी म्हैसूरबाहेर हूटगळ्ळीच्या रस्त्यावर त्यांच्या फियाटखाली सायकलवरचा एक कामगार आला होता. मागून येणाऱ्या बसमधले लोक धावले, तेव्हा दोघं म्हातारी त्याचं डोकं मांडीवर घेऊन रस्त्यातच बसली होती. धडक कुणी पाहिली नव्हती. पोरगा वाटेतच गेला. त्याची बायको आता ठाण्याच्या पायरीवर रडत होती आणि ते आत ऐकू येत होतं. भवानीबाईंना ते सोसवत नव्हतं.

शेजारच्या खोलीत त्यांचे यजमान दामोदररावही तोंड उघडत नव्हते. सत्तरी उलटलेली, त्यात काळीज अधू. तुरुंग त्यांना झेपणारा नव्हता.

जगन्नाथराव त्यांच्यातलेच, जुन्या म्हैसूर फौजेतल्या मराठ्यांच्या घरातले. म्हणून त्यांनी कन्नड सोडून घरची मराठी काढली होती. बाईंनी सासऱ्यांचं नाव सांगितलं, मुलाचं सांगितलं. नवऱ्याचं विचारलं तर म्हणाल्या, "शंभूचे वडील." शेवटी कॉन्स्टेबलनं ते वकिलांना विचारून लिहिलं.

इन्स्पेक्टरांना आपली आई आठवली. रेशनकार्डावर नवऱ्याचं नाव घालायचं, तर ते सांगायला तिनं शेजारीण सोबत नेली होती. असल्या बायका नवऱ्याला फासावरून उतरवायलाही त्याचं नाव घ्यायच्या नाहीत. त्यांना वाईट वाटलं.

"मावशी, दुसरं कोण असतं तर तुम्ही नाव घेतलं असतं, अल्वा? हो ना?"

भवानीबाईंचे ओठ हलले.

"आयतु, झालं. नका घेऊ. मला कळलं."

ते शेजारच्या खोलीत गेले आणि बाईंनी तुमचं नाव घेतलं नाही, त्यातच सगळं आलं, असं दामोदररावांना सांगितलं. वकिलांनी दंड धरला, तो दामोदररावांनी सोडवून घेतला.

"हो," ते म्हणाले, "मीच चालवत होतो."

त्यांनी सही केली. कोठडीत नेण्याआधी इन्स्पेक्टरांनी दोघांना बाकावर एकत्र बसू दिलं आणि माणुसकीनं स्वतः बाजूला झाले. भवानीबाईंना रडू आवरत नव्हतं. पदरानं डोळे पुसून त्या एकदम उठल्या आणि इन्स्पेक्टरांच्या टेबलाकडे निघाल्या. दामोदररावांनी त्यांना हात धरून खाली बसवलं.

"सुम्ने बैस, गप्प," ते हळूच म्हणाले. "गियरच्या आधी तुला ब्रेक नीट शिकवायला हवा होता मी."