बाटलीतला खडा

“कुठाय खडा? बघू तरी!” तात्या चपला काढायच्या आतच गरजले.

खाटेवर पडलेल्या गेणबाचं तोंड उतरलं. कालच तो बारामतीला मुतखड्याचं ऑपरेशन करून वरकुट्याला परत आला होता. डॉक्टरांनी लेझरनं खडा फोडला, त्याचा भुगा लघवीवाटे निघून गेला. आत एक नळी ठेवली होती. ती काढेपर्यंत भरपूर पाणी प्यायचं आणि जड कामाला हात लावायचा नाही, असं बजावलं होतं. पण हे थोरल्या भावाला, तात्यांना, पटवायचं कुणी? कालव्याला पाणी सुटलं होतं, उसाला पाणी द्यायला दारं धरायची होती, आणि गेणबाचं दुखणं म्हणजे तात्यांच्या लेखी लहानपणापासून नाटकच. एकदा खरोखर हात मोडला, तरी तात्या म्हणाले होते, “वाकडा धरलाय त्यानं.”

“भुगा झाला त्याचा, तात्या. आत नळी हाय, ती निघंपतूर पाणी प्यायचं, जड काम न्हाय,” गेणबा पुटपुटला.

“वा रं वा! टाका न्हाय, खडा न्हाय. मग काढलं काय? ऊठ, फावडं घे.”

गेणबा बिचारा खरंच उठायला लागला. कमरेत कळ आली तसा त्यानं ओठ चावला. ते बघून चुलीपाशी बसलेली त्याची बायको जयवंता ताडकन उठली आणि मागच्या दारानं बाहेर गेली.

परत आली तेव्हा तिच्या हातात औषधाची रिकामी बाटली होती. आत हरभऱ्याएवढा खडा.

“ह्यो बघा. त्यास्नी ठावं न्हाय. डॉक्टरनी माझ्याकडं दिलता.”

ही जयवंता म्हणजे डेअरीच्या दुधात चुकून पाण्याचा थेंब पडला, तरी आधी सांगून मोकळी होणारी बाई. सगळ्या भावकीत तिच्या शब्दाला मान. आता मात्र तिचे कान लालभडक झाले होते.

तात्यांनी बाटली उजेडात धरली. हलवली. मग खांद्याला धरून त्यांनी गेणबाला परत आडवं केलं आणि पाण्याचा तांब्या त्याच्या हातात दिला.

“पी. सगळा पी. नळी निघंपतूर दारं मी धरतो. रानात दिसलास तर तंगडी मोडीन.”

पाणी पिता पिता गेणबाला रडूच फुटलं.

जयवंता तात्यांना सोडायला दारापर्यंत गेली. त्यांनी हळूच बाटली तिच्या हातात दिली.

“खडा धुऊन ठेव, पोरी. मागच्या अंगणातली माती लागलीय त्याला. आजून लोकं बघाया येतील.”

जयवंताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “चुकलं माझं, तात्या.”

“चुकलं ते माझं. तुज्यासारखी बाई खोटं बोलली, तवा कळलं मला, माज्या भावाला किती दुखलं आसंल.”