भोकं नसलेलं थालीपीठ

"अहो, थालीपीठाला भोकं कुठायत?" छापील जाहिरात बघून भाजणीवाले तात्या मगदूम वैतागले. "धंदा बसायची वेळ आलीय, आणि तुम्ही चुकीचं चित्र छापता?"

"राहू द्या," चित्रकार मृदुला म्हणाली. "उद्या मिरजेच्या एसटी स्टँडवर या."

स्टँडच्या भिंतीवर प्रत्येकाला आपापल्या स्मार्ट चष्म्यातून वेगळी जाहिरात दिसायची, खास त्याच्याच आवडीची. शेजारच्याला काय दिसतंय, हे विचारायची सवयच मोडली होती. तिथे चिकटवलेला मृदुलाचा छापील कागद मात्र सगळ्यांना एकच दिसणार होता. सगळ्यांना थांबवील असं एकच चित्र काढायचं काम कित्येक वर्षांत कुणी केलं नव्हतं.

सकाळी तात्या पोचले, तर कागदापुढे ही गर्दी!

"मधे कच्चं राहणार हे! या मगदुमांना थालीपीठ कळतं का?" एक बाई म्हणत होत्या.

"झाकण ठेवलं की शिजतं," एक तरुण म्हणाला.

"कधी केलंयस का?"

भांडताना समोरच्याचा चेहरा नीट दिसावा म्हणून दोघांनीही चष्मे कपाळावर सरकवले होते.

तात्यांनी मृदुलाला लांबूनच हात जोडले. मग स्वतःचाही चष्मा काढून ते गर्दीत घुसले.

"ताई, एक मधे आणि चार कडेनं!"