फाटकापर्यंत

अपघातात उजव्या हाताची पकड गेली, तेव्हापासून नवरा सायकलकडे पाठ करून बसायचा. "विकून टाक ती," एवढंच म्हणायचा. बायकोने ती विकली नाही. शिलाई मशीन दुरुस्त करण्यात हयात गेलेली बाई ती! तिने स्वयंपाकघरातच सायकल उलटी करून ठेवली. खडीच्या रस्त्यावर घसरू नये म्हणून रुंद टायर चढवले, गिअर डाव्या हाताशी आणले आणि पुढचा-मागचा असे दोन्ही ब्रेक डावीकडच्या एकाच दांडीला जोडले.

"हँडल वाकडं बसलंय," तो खुर्चीतूनच म्हणाला.

"हो ना. चालवता येईना, सायकल वाकडी!"

टोमणा वर्मी लागला. तो उठला. "फाटकापर्यंत जाऊन येतो. तुझ्या समाधानासाठी. त्यापुढे वीतभरही नाही."

"बरं," ती म्हणाली आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला बसली.

बऱ्याच वेळाने तो आला, तो घामाने निथळत आणि तणतणतच. "अगं, एवढी मोठी कारागीर तू! सगळं डावीकडे आणलंस आणि घंटी तेवढी उजवीकडेच ठेवलीस? समोर मेंढ्यांचा कळप! मी काय त्यांच्यासारखं बें बें करत बसू?"

"चुकलंच हो माझं," म्हणत तिने पाना उचलला आणि तोंड दिसू नये म्हणून हँडलवर वाकली.

फाटकापर्यंत चिटपाखरूसुद्धा भेटत नाही. मेंढ्या चरतात त्या पार टेकडीपलीकडे.