मातीचा थर

बेचाळीस टोपल्यांपैकी सव्वीस संपल्या होत्या. सोळा उरल्या होत्या. छोरोलनं गोठ्यात जाऊन त्या पुन्हा एकदा मोजल्या. माती काळी होती, कोरडी होती, हवी तशीच होती. गेल्या शरदात जमीन गोठण्याआधी तिच्या नवऱ्यानं, मुटुपनं, ती स्वतः चाळून भरून ठेवली होती.

ती बाहेर आली. एप्रिलचं ऊन पडलं होतं, वाटेवर घोट्याएवढा चिखल होता. बर्फ लवकर वितळावं म्हणून शेजारच्या लाडोलनं आपल्या शेतावरच्या बर्फावर नऊ टोपल्या माती टाकली होती. तिथलं बर्फ रोज चार बोटं उतरत होतं. बांधाकडेला ओली जमीनही दिसायला लागली होती. छोरोलच्या शेतात वाळुंजाची एक काठी बर्फात रोवलेली होती. रोज मावळतीला बर्फ जिथं टेके तिथं ती काठीवर खाच पाडायची. बारा दिवसांच्या बारा खाचा मिळून चार बोटांत मावत होत्या.

काठी शोधाच्या वेळची होती. फेब्रुवारी सरताना मुटुप पहाटे लोणी पाठीला बांधून निघाला, गोठलेल्या नदीवरून लेहला जायला. वाट या शेताच्या कडेनंच जायची. तो निघाल्यावर थोड्याच वेळात वरच्या उतारावरून बर्फाचा लोंढा सुटला आणि शेतावर येऊन थांबला. गावानं नऊ दिवस काठ्या खुपसून पाहिलं. काही लागलं नाही. तिसऱ्याच दिवशी नदीवरचं बर्फ फुटलं होतं, त्यामुळे लेहला विचारायलाही कुणी जाऊ शकलं नाही. मुटुप लोंढ्याआधी पार झाला होता की नव्हता, हे सांगणारं कुणी नव्हतं. खिंड उघडणार जूनमध्ये. बर्फ त्याआधी वितळलं, तर त्याआधी कळणार.

छोरोलला कळायला हवं होतं. जेवताना त्याचा वाडगा मांडायचा की नाही, एवढं तरी.

सासूनं, पाल्किदनं – छोरोल तिला आमाले, म्हणजे आई म्हणायची – माती टाकायच्या पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "तू काठी बघ. माती मी टाकते."

"काय गं नुब्राच्या राणी!" लाडोलनं बांधापलीकडून हाक मारली. "खाचा मोजून पीक येतं होय तुमच्याकडे?"

"माझ्या माहेरी नुब्राला एवढं बर्फच पडत नाही, आचे," थोरल्या बहिणीला म्हणावं तशी छोरोल म्हणाली. "पण हे उतरत का नाही? सव्वीस टोपल्या झाल्या."

"सव्वीस?" लाडोल हसायची थांबली. "एवढ्याशा तुकड्यावर?"

ती बांध ओलांडून आली. वाकून तिनं मातीत बोट खुपसलं. बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं.

"अगं, तीळ पेरल्यासारखी भुरभुरायची असते ही. पातळ माती उन्हानं तापते आणि बर्फ सुटतं. एवढी जाड टाकलीस तर ऊन खाली पोचतंय कशाला? गोधडी झाली ही बर्फाला!"

"आमाले चुकल्या असतील. वय झालं त्यांचं."

"पाल्किद चुकेल? मला हे काम तिनं शिकवलंय." लाडोलनं बोट पुसलं. शेताकडे पाहिलं, मग काठीकडे. "बाई गं," एवढंच ती म्हणाली आणि आपल्या शेतात परत गेली.

पाल्किद सत्ताविसावी टोपली पाठीवर घेऊन चिखलातून येत होती.

"आमाले, थर जाड झालाय."

"हो."

"बर्फ असंच राहिलं तर पेरणी हुकेल. इथं जव होणार नाही यंदा."

"वरच्या तुकड्यात होईल तेवढं खाऊ." पाल्किद धापा टाकत होती, पण टोपली उतरवत नव्हती. "जूनमध्ये लेहहून माणसं येतील. तोवर तो लेहला आहे."

बांधाला दाताळं टेकवलेलं होतं. दोन दिवसांत सगळा थर खरडून निघाला असता. छोरोलनं दाताळं उचललं. लाकडी दांडा मुटुपच्या हातांनी गुळगुळीत झालेला होता. पाल्किद तिच्याकडे पाहत राहिली.

छोरोलनं दाताळं होतं तिथं ठेवलं. सासूच्या पाठीवरची टोपली उतरवून घेतली आणि काठीच्या बुंध्याशी पालथी केली. मग ती गोठ्याकडे वळली.

संध्याकाळपर्यंत गोठ्यात भरलेली एकही टोपली उरली नाही. दुसऱ्या दिवशी मावळतीला तिनं काठीवर तेरावी खाच पाडली. ती बाराव्या खाचेवरच पडली.