संघप्रियेची काच

गाडीचे वातानुकूलन बंद पडले होते आणि पायाखालचे मॅट पावसाने ओले झाले होते. वरसाव्याच्या नाक्यावर वाहने खोळंबली, तेव्हा त्यामुळे आमच्या गाडीच्या काचा आतून धूसर झाल्या. "आता उपाय नाही, घरी न्या," असे सांगून डॉक्टरांनी आमच्या सात वर्षांच्या संघप्रियेला सकाळीच रुग्णालयातून सोडले होते.

मी फडक्याने पुढची काच पुसत होतो. ती क्षणात पुन्हा पांढरी होत होती.

"बाबा, सारखं काय पुसताय? लादी आहे का ती?" मागच्या आसनावरून संघप्रिया हसली.

कित्येक दिवसांनी तिचे हसू ऐकले, म्हणून मी आरशात पाहिले. तिच्या बाजूची काच तेवढी स्वच्छ होती. तीतून शेजारच्या ट्रकची भिजलेली ताडपत्री स्पष्ट दिसत होती.

"मला मासा काढायचाय," असे म्हणत तिने काचेजवळ तोंड नेऊन श्वास सोडला. काच तशीच राहिली. तिने पुन्हा, अधिक जोराने सोडला.

"आई, माझी वाफच येत नाहीये."

तिच्याजवळ बसलेल्या माझ्या पत्नीने, वैजयंतेने, माझ्याकडे पाहिले नाही. मुलीच्या खांद्यावरून वाकून तिने त्या काचेवर दीर्घ श्वास सोडला; काच लगेच पांढरी झाली.

"काढ आता," ती म्हणाली.