कड्यावरची कळशी

जुन्या मॅटाडोरमध्ये गाद्या अन् स्टोव्ह मांडून प्रसेनजीत बायकोपोरींना घेऊन कोल्हापूरहून समुद्र बघायला आलेला. गाडी बंदरावर ठेवून सगळे सकाळपासून किनाऱ्यानं चालत होते. पायथ्याच्या विहिरीपासून कड्यावरच्या एकुलत्या घरापर्यंत उभा चढ चढताना दमछाक झाली. घरातल्या म्हातारीनं अंगणात भरलेली कळशी आणून ठेवली. कोल्हापूरकडं पावण्यांना आधी पाय धुवायलाच पाणी देतात. त्यानं पोरींचे वाळूनं माखलेले पाय चोळचोळून धुतले, कळशी स्वतःच्या पायांवर उपडी केली आणि हाक मारली, “मावशी, प्यायला बी द्या की!” म्हातारीनं रिकामी कळशी कमरेवर घेतली आणि विहिरीच्या वाटेनं उतरू लागली. प्रसेनजीत धावला. “द्या हिकडं, मी आणतो!” “बसा तुमी,” ती म्हणाली. “धुतलेले पाय परत मळतले.” त्यानं शरमेनं मान खाली घातली, तर समोर स्वतःचेच लख्ख पाय.