नाव घेऊन पास

चेतनानं पुन्हा नयनाला सोडून दुसरीकडेच पास दिला.

“थांबा,” चारुलता म्हणाली.

गोल करून उभ्या असलेल्या पोरी जागच्या जागी थांबल्या. कळसाडीच्या शाळेमागचं मैदान. एका कडेला ऊस, दुसऱ्या कडेला गावात जाणारा रस्ता.

नियम साधा होता. जिला चेंडू द्यायचा तिचं नाव आधी मोठ्यानं घ्यायचं, मग पाय लावायचा. नाव ऐकलं की घेणारी सावध होते, अंग वळवते, येणाऱ्या चेंडूबरोबर पाय जरा मागे नेते आणि चेंडू पायाशी शांत होतो. हेमकांत सरांनी हे पोरींच्या अंगात मुरवलं होतं. दिवाळीनंतर सर वारले. स्पर्धा तोंडावर आली आणि शिकवायला कुणी नव्हतं, म्हणून आता त्यांची मुलगी चारुलता तेच शब्द बोलत उभी होती. ओरडताना आपला आवाज थेट त्यांच्यासारखा लागतो, हे काल तिच्या लक्षात आलं होतं. उरलेला सराव मग तिनं नुसत्या शिट्टीवर भागवला होता.

“चेतना, नयना मोकळी होती. तिला का नाही दिलास?”

“दिसनी नही, ताई.”

“दिसली नाही? एवढी ताडमाड पोर समोर उभी आहे.”

पोरी खुसखुसल्या.

“भांडण झालंय का तुमचं?”

आता मात्र हसू फुटलं. गोलकीपर रमिला हातमोजे झटकत म्हणाली, “भांडन कसानं, ताई! ती नाव कशी लेई? नयना नणंद शे ना तिन्ही. आखाजीले लगन शे, नयनाना भाऊसंगे.”

अक्षय्य तृतीयेला लग्न! चारुलतानं चेतनाकडे पाहिलं. चेतना दहावीला होती. दोन्ही वेण्या वर बांधलेल्या, पायमोजे घोट्यावर उतरलेले. चेंडू पायाखाली धरून ती त्याला उगाच मागेपुढे घोळवत होती.

“ले ना वं मन्हं नाव,” नयना म्हणाली. “मी काय झिजी जासू?”

“तुले चालस. तुन्ही मायले चालस का?”

पुन्हा सगळ्या हसल्या. चेतनाही हसली.

“सर असताना कसा द्यायचीस पास?” चारुलतानं विचारलं.

“सरेसनी सूट देयल व्हती. नाव नको लेऊ, नुसतं ‘हां’ म्हन, असं सांगेत.”

“सरांना माहीत होतं?”

“माहीत?” रमिला म्हणाली. “सर तं साखरपुडाले पुढे बसेल व्हतात, ताई!”

“सरेसनीच मन्हा आबाले सांगं,” चेतना म्हणाली. “पोर चांगली खेळस. स्पर्धा व्हई जाऊ द्या, मंग उडावा बार. नही तं दिवाळी सरताच व्हतं मन्हं लगन. सर व्हतात म्हनीसन आज आठे मैदानवर शे मी.”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. सरांचे उपकार होते, ते ती सांगत होती.

मैदानावरची बारीकसारीक गोष्ट रात्री जेवताना सांगणारा माणूस हे घरी कधी बोलला नव्हता. या पोरीसाठी त्यांनी एक हंगाम मागून घेतला होता. त्याहून जास्त मागितलं नव्हतं. मागता आलं नव्हतं की मागावंसं वाटलं नव्हतं, हे आता कुणाला विचारणार?

तिनं गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली.

“सूट बंद,” ती म्हणाली. “आपापल्या जागी. चेतनापासून सुरुवात. नयनाला.”

पोरी पांगून पुन्हा गोलात उभ्या राहिल्या. चेतनानं चेंडू पुढे घेतला, मान वर केली आणि तशीच थांबली. ती नयनाच्या खांद्यावरून पलीकडे बघत होती. रस्त्यावरून नयनाची आई, मंगलाबाई, शेतातून येत होत्या. डोक्यावर चाऱ्याचा भारा होता. रोजच्यासारख्या त्या पोरीला घरी न्यायला मैदानाच्या कडेशी थांबल्या.

चारुलतालाही त्या दिसल्या. राहू दे, आज नको, असं तिच्या ओठांवर आलं. तेही शब्द वडिलांचेच होते.

ते बाहेर पडायच्या आत चेतना ओरडली.

“नयना!”

पास सुरेख होता. पायाच्या आतल्या बाजूनं दिलेला, जमिनीला धरून, सरळ. पण नयना वळून आईकडे बघत होती. चेंडू तिच्या पायाजवळून निघून गेला, चुन्याची रेघ ओलांडून उतारानं रस्त्यावर गेला आणि मंगलाबाईंच्या चपलेला लागून थांबला.

कुणी हसलं नाही. मंगलाबाईंनी चेंडूकडे पाहिलंसुद्धा नाही. भारा एका हातानं सावरून त्या चेतनाकडे बघत राहिल्या.

जिचा पास बाहेर जाईल तिनंच चेंडू आणायचा, हाही सरांचाच नियम. चेतना निघाली. चारुलतानं तिचं मनगट धरलं.

“तू खेळ,” ती म्हणाली. “दुसरा चेंडू घे.”

आणि ती स्वतः रस्त्याकडे चालू लागली.